महादेवीअक्कांशी जी बोलली ती मी नव्हते

भूत, भास, असलं काही मी मानत नाही. सतरा वर्षं नर्स आहे, माणसं डोळ्यांदेखत गेलीत, कुणी परत आलेलं पाहिलं नाही. तरीही हे लिहितेय... कारण यात जी दिसली ती कुणी मेलेली नव्हती. ती मीच होते.

सोलापुरातलं एक खाजगी हॉस्पिटल, दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड. सकाळचे सव्वानऊ. अक्कलकोटकडच्या महादेवीअक्का, वय पंचावन्नच्या आसपास, गर्भपिशवी काढायची होती. सोबत सून शिवलीला. अक्का घरी कानडीच बोलायच्या, मराठी तुटकं. भीतीनं दात वाजत होते, बीपी एकशेऐंशीवर.

"बाई, मी उठंन न्हवं परत?"

"रोज होतात इथं ऑपरेशनं. गप पडा."

त्यांच्या हिरव्या बांगड्या निघेनात. मी कात्री घेतली.

"फोडू नका ओ, मालक हायत माजे!"

"मग घरूनच काढून यायचं होतं!" म्हणत मी त्या कचाकच फोडल्या. वरून चिकटपट्टी गुंडाळली असती तरी चाललं असतं. मला ते माहीत होतं.

मग ड्यूटी रूममध्ये जाऊन रेखासिस्टरसोबत पोहे खाल्ले. खाताना अक्कांच्या रडण्याची नक्कल करून दाखवली... तोंडात घास असताना. आम्ही दोघी हसलो. हे लिहिताना स्वतःचीच शिसारी येतेय, पण झालं ते असं.

वीसेक मिनिटांनी ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायला ट्रॉली घेऊन गेले, तर अक्का शांत पडलेल्या. बीपी घेतलं – एकशेतीस. मशीन बिघडलं समजून पुन्हा घेतलं. आकडा तोच.

"गोळी दिली का कुणी?" मी शिवलीलाला विचारलं.

"न्हाई. तुमीच बसला व्हता की इतका वेळ!"

"मी?"

"व्हय की. हात धरून सगळं सांगितलं. पाठीत सुई देतील, पाय जड पडतील, पोटाम्होरं पडदा लावतील... बांगड्यांची माफी बी मागितली. सिस्टर, कानडी लई छान येतं तुमाला."

मी माढ्याची. मला कानडीत जेवणाचं 'ऊटा' सोडून एक शब्द येत नाही.

अक्का हसल्या. "अंजबेड म्हणलासा न्हवं? भिऊ नको म्हणून. आता न्हाय भ्यात." मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "तुमची आई बी आशीच भ्याली व्हती म्हणं. टेबलावर न्हेईपर्यंत कुणी बोललं न्हाई तिच्याशी. वाईट झालं बगा."

आई ऑपरेशन टेबलावरच गेली, मी तेव्हा नर्सिंगला होते. ती कशी भ्याली होती, हे मी या हॉस्पिटलात कुणालाच कधी सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

रेखाला विचारलं. ती म्हणाली, "येडी का काय? माझ्यासमोरच तर बसली होतीस." वॉर्डात कानडी येणारी दुसरी सिस्टर त्या पाळीला नव्हती. शिवलीलाला पुन्हा विचारलं, तर ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "तुमीच. गळ्यातलं कार्ड बी ह्येच."

ऑपरेशन नीट झालं. पाचव्या दिवशी घरी जाताना अक्कांनी माझे दोन्ही हात कपाळाला लावले. "तुमच्यामुळं निभावलं."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं, की ती मी नव्हे. मी नुसती मान डोलावली. दुसऱ्या कुणाच्या तरी चांगुलपणाचे आभार मी गपगुमान घेतले. या सगळ्यात मला सर्वांत किळस येते ती या गोष्टीची.

कोण आली होती, माझं तोंड घेऊन का आली, आईचं तिला कसं कळलं... मला काहीच सांगता येत नाही. हल्ली ऑपरेशनआधी मी प्रत्येक बाईजवळ जाऊन बसते. पण बोलायला सुरुवात करण्याआधी विचारते, "मी मघाशी येऊन गेले का?"

बायका चमकून बघतात. अजून तरी कुणी हो म्हणालेलं नाही.