एवढं हसू नये

काल मटार सोलत बसले होते. कुकरची शिट्टी झाली की माझी पाच वर्षांची नात दचकायची आणि पोट धरून हसत सुटायची. मीही हसले, आणि तोंडातून निघूनच गेलं, "पुरे गं! एवढं हसू नये, मग रडावं लागतं."

"कधी, आजी?"

काय सांगू? माझी आई हेच म्हणायची. म्हणून लग्नात, मुलगा झाला तेव्हाही, मी बेतानंच हसले. सुख दारात आलं तरी त्याच्या मागून कोण येतंय, तेच बघत राहिले. रडणं यायचं तेव्हा आलंच हो. हसायचं तेवढं राहून गेलं. आता या वयात ते कुठून आणू?

पुढची शिट्टी झाली. पोरगी दचकली, पण हसण्याआधी तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं.