पिशवीत मावेल अशी नळी

त्या वर्षी कापसाचे भाव पडले होते आणि महागावच्या खरेदी केंद्रावर भरलेल्या बैलबंड्या दिवसेंदिवस उभ्या होत्या. आमच्या बंडीवर चढून ताडपत्री ओढताना माझा पाय घसरला आणि मी पाठीवर दगडात पडले. यवतमाळच्या दवाखान्यातून काठी टेकत का होईना, चालत घरी आले. मणक्याला मार लागल्यानं लघवी मात्र आपोआप होईना. दर काही तासांनी नळी घालून ती आपल्या हातानं बाहेर काढायची, असं तिथल्या सिस्टरनं आरसा धरून मला शिकवलं. सुरुवातीला रडले, मग हात बसला.

अडचण घराबाहेर होती. मी गावात अंगणवाडी चालवायचे. तिथल्या संडासात खुंटी नाही, फळी नाही. एका हातात काठी, दुसऱ्यात हातभर लांब नळी; साबण कुठं ठेवू आणि लुगडं कसं सावरू? नळीचं टोक भिंतीला लागलं की ती तशीच घरी न्यायची आणि पुन्हा उकळायची. दोनदा थंडी वाजून ताप भरला. मग मी बाहेर पडणंच सोडलं, पाणीही कमी पिऊ लागले.

नवऱ्याचं फवारणीच्या पंपांच्या दुरुस्तीचं दुकान होतं. एके दुपारी जेवताना ते म्हणाले, "पाणी काहून नाई पित? मले दिसते सारं."

"तुमाले काय सांगू त्यातलं?"

"कायले लाजते? दिवसभर नळ्या अन् वायसरच हाताळतो मी. सांग, कुठं अडते?"

मी सांगितलं. एकदा सुरू झाले ती थांबलेच नाही. ते ताट बाजूला सारून ऐकत राहिले. नंतर म्हणाले, "नळी आत घालाले बोटभर लागते. बाकीची कायले वागवते?"

पुढच्या तपासणीला यवतमाळला गेले तेव्हा हे मी सिस्टरला विचारलं. त्या हसल्या. "बायकांसाठी आखूड नळी येते की! इथं सगळ्यांना एकच देतात." त्यांनी नागपूरहून मागवून दिली. आपण होऊन कापू मात्र नका, कापलेली कड आत लागते, असंही बजावलं.

आता ही आखूड नळी ठेवायला एक घर हवं होतं. नवऱ्यानं पहिलं घर प्लास्टिकच्या पाइपाचं केलं, बूच लावून. मी ते उकळत्या पाण्यात टाकलं आणि चिमट्यानं बाहेर काढलं तर भेंडीसारखं वाकडं! आम्ही दोघंही पोट धरून हसलो. पडल्यापासून मी तशी हसलेच नव्हते.

दुसरं स्टीलचं, भांडी जोडणाऱ्याकडून करून आणलेलं, पेनापेक्षा थोडं जाड. ते घेऊन आम्ही दोघं ऐटीत सिस्टरकडे गेलो. त्यांनी आत डोकावलं. "सुरेख आहे. पण तळाचा हा कोपरा धुणार कसा?"

नवऱ्याचं तोंड उतरलं. परतीच्या एसटीत ते त्या नळकांड्यात पुन्हा पुन्हा डोकावत होते. मीच म्हणाले, "तळ पायजेच कायले? दोन्हीकून झाकण लावा ना."

त्यांनी ते उलटं करून तळावर टिचकी मारली. "अवं, हे मले काहून नाई सुचलं!"

दोन्हीकडून उघडणाऱ्या त्या नळकांड्यातून ब्रश आरपार जायचा. नळीचं धरायचं टोक आधी हातात येईल अशी ती आत ठेवायची, म्हणजे आत जाणाऱ्या भागाला बोट लागत नसे. मी जुन्या सुती लुगड्याची पिशवी शिवली, साबणाला आणि पुसायच्या फडक्याला वेगवेगळे कप्पे ठेवले आणि लांब नाडी लावली. पिशवी गळ्यात अडकवली की खुंटीवाचून भागायचं. फडकी आणि पिशवी रोज उकळून उन्हात वाळत टाकायची.

पुसदला बहिणीच्या लेकीचा साखरपुडा होता. मी सकाळीच निघाले आणि दिवसभर राहिले. दोन वेळा उठून मागच्या मोरीत जाऊन आले. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जेवताना बहिणीनं दुसऱ्यांदा मठ्ठा वाढला, तो मी सगळा प्यायले. सोमवारी अंगणवाडी उघडली तेव्हा पोरं माझ्या काठीलाच लोंबकळली.

पुढं सिस्टरनं वणीच्या एका कॉलेजातल्या मुलीला आमच्याकडे पाठवलं. तिला जन्मापासून हाच त्रास होता. आई सोबत आलेली, दारातच संकोचून उभी. मुलीनं मात्र नळकांडं हातात घेऊन हलवलं. आतली नळी खडखडली.

"काकू, वर्गात वाजलं तर साऱ्या पोरी विचारतीन ना!"

हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझी पिशवी अंगणवाडीच्या गोंगाटात वाजली तरी कोण ऐकणार? मी पेटीतलं मऊ मलमल काढलं, आणि त्या दुपारी ती मुलगी आणि मी ओट्यावर बसून नळकांड्याला आतून बसेल आणि उकळता येईल असं अस्तर बेतत बसलो. तिच्या आईनं आत जाऊन, न सांगता, सगळ्यांसाठी चहा ठेवला.