डाव्या हाताचा धडा

तालुक्यातल्या मास्तरांचा पहिलाच शिक्षणवर्ग सावर्ड्याला भरला होता आणि तो घ्यायला ट्रेनिंग कॉलेजातून नुकत्याच आलेल्या अनसूयाबाई उभ्या होत्या. उत्साहाने त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"पाटीवर डाव्या हाताने नाव लिहा," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी म्हाताऱ्या शिर्के मास्तरांकडे पाहिलं. ते उठून गेले असते, तर वर्गच उठला असता.

"बाई, सरस्वतीला डावा हात?" मास्तरांनी विचारलं.

"रागावली तर माझं नाव सांगा!"

हशा पिकला. मास्तरांनी पेन्सिल धरली, पण अक्षरं खेकड्यासारखी तिरपी पळाली.

"हात वळतच नाही हो!"

"पहिलीतल्या पोराचा उजवाही असाच असतो, मास्तर."

मास्तरांनी आपल्या तिरप्या अक्षरांकडे पाहिलं. मग पाटी पुसत म्हणाले, "थांबा बाई, पुन्हा लिहितो."

बाईंना टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.