दोह्यातले दहा यार्ड

आकडे लिहिणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. मॅच चालू असते तेव्हा सगळे बॉलकडे बघतात आणि मॅच थांबली की सगळे एकमेकांशी बोलतात. कोपऱ्यात पॅड घेऊन बसलेला एक माणूस आहे, हे कुणाच्या लक्षातही नसतं. माझ्या स्कोअरशीटला यार्डांचा रकाना आहे, टॅकलचा आहे, बॉल हातातून निसटला तर त्याचाही आहे. पण कोण काय बोललं याचा रकाना नाही. ते मी शीटच्या पाठीमागे लिहितो. चार सीझन झाले. हल्ली शीटची पाठच जास्त भरलेली असते.

तर मी दोह्यातल्या एका अमेरिकन फुटबॉल टीमचा स्टॅटिस्टिशियन. आमची लीग स्वतःला प्रोफेशनल म्हणवते. म्हणजे शुक्रवारी सगळे प्रोफेशनल, रविवारी सकाळी सगळे आपापल्या ऑफिसात. मी आयटीत आहे, मूळचा फलटणचा, राहतो अल वक्राला. आमचे कोच अमेरिकेतल्या मिनेसोटाचे, अठ्ठावन्न वर्षांचे, आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा. पहिल्या भेटीत त्यांनी एवढंच विचारलं, "कधी स्कोअरिंग केलंयस?"

"अकरा वर्षं," मी म्हणालो. फलटणच्या क्रिकेट क्लबात, हे सांगायचं राहून गेलं.

या खेळात टीमला चार प्रयत्न मिळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्याला द्यायचा. एवढं मी आदल्या दिवशी वाचून गेलो होतो. बाकी सवयीने लिहीत गेलो. मॅच आम्ही सपाटून हरलो. नंतर कोचनी माझी शीट हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे जागोजागी एम काय लिहिलंयस?"

"मेडन, कोच. चार प्रयत्न झाले आणि काहीच घडलं नाही, की आमच्याकडे मेडन लिहितात."

मला वाटलं, गेली नोकरी. कोचनी शीटची घडी करून खिशात ठेवली. "तीस वर्षांत माझ्या टीमबद्दल इतकं खरं कुणी लिहिलं नव्हतं," ते म्हणाले. आजही आमच्या शीटवर मेडनचा रकाना आहे. अख्ख्या लीगमध्ये दुसऱ्या कुणाकडे नाही.

* * *

आमच्या टीमची बस चालवतात तावडे. कणकवलीजवळचे, बरवा अल बराहाच्या कामगार कॅम्पात राहतात. पहिले दोन महिने ते बसमध्येच बसून राहायचे. "माका त्यातला काय कळणा नाय," म्हणायचे.

एकदा बसचा एसी बंद होता म्हणून ते माझ्या शेजारी येऊन बसले. मैदानात प्रयत्न संपला होता आणि दहा यार्ड झाले की नाही याचा वाद चालू होता. अशा वेळी दोन माणसं दोन काठ्या घेऊन येतात, काठ्यांच्या मधे दहा यार्डांची साखळी. ती ताणून मोजतात. तावडे ताठ बसले.

"सायेब, ही मोजणी?"

"मोजणीच."

"दोनव पार्टी हजर असत?"

"हो, दोन्ही कॅप्टन उभे आहेत की तिथे."

साखळी ताणली. बॉल वीतभर मागे होता. रेफ्रीने हात केला, दोन्ही टीम वळल्या, खेळ पुढे सुरू झाला. तावडे म्हणाले, "आमच्या बांधाची मोजणी आजोबान सुरू केल्यान. बापूस गेलो, तरी चालूच आसा. चुलत्यान तीनदा हरकत घेतल्यान. आणि हय एका मिनटात? कोणीच काय बोलूक नाय?"

त्या दिवसापासून ते एकही मॅच चुकवत नाहीत. बाकी खेळाशी त्यांना देणंघेणं नाही, पण साखळी बाहेर निघाली की उभे राहतात. मागच्या सीझनला एका मॅचमध्ये आमचा कॅप्टन मोजणीला वाकला होता. बॉल चार बोटं कमी पडलेला दिसत होता. स्टेडियम शांत. तेवढ्यात माझ्या शेजारून जोरात आवाज आला, "सही करू नको रे, सही करू नको."

* * *

दुसऱ्या सीझनच्या आधी अमेरिकेहून येणारी शोल्डर पॅड कस्टममध्ये अडकली. हे पॅड म्हणजे छाती आणि खांद्यांवर घालायचं चिलखत. जुन्या पॅडांचे पट्टे तुटले होते आणि मॅच दोन दिवसांवर. तावडे म्हणाले, इंडस्ट्रियल एरियात गफूरभाई आहेत, उदगीरचे, गाड्यांची सीट कव्हरं शिवतात.

गफूरभाईंनी पॅड उलटंसुलटं केलं, दाबून बघितलं, वास घेतला. "कोणत्या गाडीचं हाय हे?"

"माणसाचं आहे."

"बरं." त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः पॅड घेऊन प्रॅक्टिसला आले. लँड क्रूझरच्या सीटचं लेदर, दुहेरी शिलाई, आणि तुटलेल्या पट्ट्यांच्या जागी अस्सल सीटबेल्ट. पहिलं पॅड जमालला घातलं. जमाल सुदानचा, पहिल्या फळीत खेळतो, दारात उभा राहिला तर खोलीत अंधार होतो. बेल्ट 'खट्' करून बसला. गफूरभाईंनी त्याच्या पाठीवर नव्या सीटवर मारतात तशा दोन थापा मारल्या.

कोच मला म्हणाले, "विचार, किती टिकेल?"

मी विचारलं.

गफूरभाई म्हणाले, "शिलाईची दोन वर्सं गॅरंटी देतो. आत बसल्यालं माणूस किती टिकतंय, ते मला सांगता येत नसतंय."

जमाल माझ्याकडे आशेने बघत होता. मी पहिलं वाक्य तेवढं भाषांतर करून सांगितलं.

* * *

माझी मुलगी सई तिसरीत आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. शाळेत 'माझे बाबा काय करतात' हे सांगायचं होतं. घरी मी तिला समजावलं होतं, की बाबा ऑफिस सुटल्यावर प्रत्येक प्लेअर किती वेळा पडला, कुणी पाडलं, कुठे पडला, ते लिहून ठेवतात.

दुसऱ्या दिवशी टीचरचा फोन. फार हळू आवाजात बोलत होत्या. "सर, सई म्हणाली, माय डॅड काउंट्स पीपल हू फॉल डाउन. तुम्ही ट्रॉमा वॉर्डला असता का? घरी या विषयावर फार बोलू नका, प्लीज. मुलं मनाला लावून घेतात."

* * *

आमच्या फिजिओ मनीषाताई नागपूरच्या. पाच फूट उंची, पण जमालही त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा राहतो. सप्टेंबरमधली गोष्ट. अल गराफातल्या एका शाळेच्या मैदानावर प्रॅक्टिस चालू होती. मनीषाताईंकडे उष्णता मोजायचं यंत्र असतं. आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की प्रॅक्टिस बंद, असा नियम. त्यांनी शिट्टी मारली.

कोच म्हणाले, "अजून पाच मिनिटं. पोरं कणखर व्हायला हवीत."

"मी नागपूरची आहे, कोच. उन्हाचं मला शिकवू नका."

"फक्त पाच मिनिटं."

"ठीक आहे," मनीषाताई म्हणाल्या, "मग ही पाच मिनिटं तुम्हीही त्यांच्यासोबत धावा."

कोच हट्टी. टोपी घातली आणि धावायला लागले. तिसऱ्या मिनिटाला मैदानाच्या मधोमध खाली बसले. चेहरा पांढरा, डोळे भलतीकडेच. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. मनीषाताई तेवढ्या हलल्या. जमाल आणि तिघांनी कोचना उचललं आणि खेळाडूंसाठी भरून ठेवलेल्या बर्फाच्या टबात, टोपी आणि गळ्यातल्या शिट्टीसकट, अलगद सोडलं. ताईंनी मनगट धरलं ते सोडलंच नाही. अॅम्ब्युलन्स येईपर्यंतची दहा मिनिटं जमाल त्यांच्या अंगावर बर्फ लोटत राहिला.

मग कोचचे डोळे हलले. नाक हललं. "हा वास कसला?"

आमचं बर्फाचं मशीन त्या दिवशी बंद होतं. बर्फ तावड्यांनी मासळी बाजारातून आणला होता.

"हमूर माशाचा," मनीषाताई म्हणाल्या.

हॉस्पिटलने त्याच संध्याकाळी कोचना घरी सोडलं. पण ताई तो टब पुन्हा पुन्हा घासत होत्या. "धावा असं मीच म्हणाले ना हो," त्या मला म्हणाल्या, "नको होतं म्हणायला." दुसऱ्या दिवशी कोच आले, ताईंच्या हातात स्वतःची शिट्टी दिली आणि बाकावर जाऊन बसले. तेव्हापासून प्रॅक्टिस कधी थांबवायची ते ताई ठरवतात.

इंज्युरी रिपोर्ट मात्र नियमाप्रमाणे भरावा लागला. खेळाडूचं नाव, या जागी कोचचं नाव. कुठे दुखापत, सगळीकडे. पुढे 'पोझिशन' असा रकाना आहे, म्हणजे मैदानात कोणत्या जागी खेळतो. ताईंनी लिहिलं होतं, "आडवी."

* * *

एकदा मॅनेजमेंटला वेबसाइटवर क्लबचा इतिहास हवा झाला. काम माझ्याकडे. क्लब उणापुरा सहा वर्षांचा, पण संस्थापक दोन. एक टेक्सासचा गॅस इंजिनिअर, एक लेबनीज डेंटिस्ट. क्लब आपणच काढला असं दोघांचं म्हणणं, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कागदपत्रं शून्य. मी दोघांकडे चार-चार चकरा मारल्या आणि दर वेळी क्लबची स्थापना वेगळ्या वारी झाली.

शेवटी मनीषाताईंनी कपाटातून आधीच्या फिजिओची जुनी फाइल काढून दिली. क्लबचा तो सगळ्यात जुना कागद. पहिल्याच पानावर पहिली नोंद होती, आणि आज ती वेबसाइटवर इतिहासाचं पहिलं वाक्य म्हणून आहे. दोन्ही संस्थापकांनी ती एका दिवसात मान्य केली.

"पहिल्या सरावात पहिल्याच मिनिटाला दोन्ही संस्थापकांची डोकी एकमेकांवर आपटली. टाके: दोघांना सारखेच."

* * *

आता संतोषचं सांगतो.

संतोष चौगुले कोल्हापूरचा. पेठेतल्या तालमीच्या संघातून फुटबॉल खेळलेला, साधा फुटबॉल, गोल बॉलवाला. इथे एसी टेक्निशियन. आमच्या चेंजिंग रूमचा एसी दुरुस्त करायला आला होता. बाहेर प्रॅक्टिस चालू होती, एक बॉल घरंगळत दारापर्यंत आला. संतोषने हातातला पाना खिशात टाकला आणि बॉल परत मारला. तो बॉल मैदान ओलांडून पलीकडच्या दोन उंच खांबांच्या बरोबर मधून गेला. आमच्या खेळात त्याला तीन पॉइंट मिळतात, आणि आमच्याकडे ते मिळवणारा कुणी नव्हता.

"हा कोण?" कोचनी विचारलं.

"एसीवाला."

"आजपासून आपला किकर."

मी संतोषला सांगितलं. तो म्हणाला, "व्हय, पण आधी तेवढा गॅस भरून घेतो."

त्या सीझनला आम्ही सगळ्या मॅच हरत आलो होतो. शेवटची उरली होती. स्पॉन्सरने स्पष्ट कळवलं होतं, एक तरी जिंका, नाहीतर पुढच्या वर्षी क्लब खलास. एप्रिलअखेरची दुपार, चार वाजलेले. समोरच्या टीमच्या बाकांमागे माणसाएवढे तीन कूलर लावलेले. ते बाक मैदानाच्या कडेला, नेमके खांबांच्या बाजूच्या टोकाला होते, आणि कूलरांचा वारा मैदानात आडवा घुसत होता.

संतोषने दोन किक मारल्या. दोन्ही शेवटच्या क्षणी डावीकडे वळून खांबाबाहेर गेल्या. शेवटचे पाच सेकंद उरले तेव्हा आम्ही दोन पॉइंटनी मागे होतो आणि पुन्हा किक त्याचीच होती. मैदानात जाण्याआधी तो माझ्यापाशी थांबला.

"साहेब, माझ्यामुळं क्लब बंद पडणार."

"असं बोलू नको."

"वारा आडवा येतोय ओ. मधला कूलर लई जोरात मारतोय." मग त्याने मान तिरकी केली आणि कान दिला. "मोटर तापलीय त्याची. आवाज ऐका. दोन मिनटात ट्रिप हुऊन बंद पडतोय त्यो."

"आपल्याकडे दोन मिनिटं नाहीत, संतोष. खेळ थांबवायचे टाइमआउट संपलेत आपले."

तो गेला. बॉलमागे उभा राहिला. पाय उचलणार, तेवढ्यात शिट्टी. समोरच्या कोचनी मिनिटभराचा टाइमआउट घेतला होता. या खेळातली जुनी युक्ती आहे. किक मारणाऱ्याला ताटकळत उभं करायचं, म्हणजे तो विचार करकरून घाबरतो. संतोषने रेफ्रीला काय झालं म्हणून विचारलं. मग तो चालत समोरच्या बाकांपर्यंत गेला, त्यांच्या कोचसमोर उभा राहिला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "शुक्रन, सर."

त्यांच्या कोचना ते आभार झोंबले असावेत. मिनिट संपलं, संतोष पुन्हा उभा राहिला, पुन्हा शिट्टी. दुसरा टाइमआउट. आमच्या लीगमध्ये लागोपाठ दोन चालतात. आमचे कोच टोपी चावत होते. मनीषाताईंनी डोळे मिटले होते. संतोष पुन्हा चालत गेला. "शुक्रन, सर."

तो परत येऊन उभा राहिला. वाट बघत होता. कूलरांच्या घरघरीत कुठेतरी एक 'टक्' झालं.

बॉल सरळ गेला. खांबांच्या बरोबर मधून, सुतात.

त्यानंतर काय झालं ते मला नीट लिहिता आलेलं नाही, शीटवर नुसत्या रेघोट्या आहेत. जमालने संतोषला खांद्यावर घेतलं होतं, तावडे रेफ्रीला मिठी मारत होते. गर्दीतून वाट काढत समोरचे कोच आले. मोठ्या मनाचा माणूस. संतोषचा हात हातात घेऊन म्हणाले, "मी दोनदा तुला थांबवलं. एवढ्या प्रेशरमध्ये तू दोनदा येऊन माझे आभार मानलेस. का?"

संतोषने खांद्यावरूनच खाली वाकून, जमेल तेवढ्या इंग्रजीत अदबीने सांगितलं, "सर, युवर मिडल कूलर, मोटर गॉन. टुमारो आय कम."