मी पुंगळ्या मागितल्या नाहीत

मुलीच्या लग्नासाठी मामू बोटीने गावी गेले आणि शारजाच्या सूकमधलं, म्हणजे तिथल्या बाजारातलं, त्यांचं रायफल-दुरुस्तीचं दुकान दोन महिने माझ्या हाती आलं. साठचं दशक होतं ते. मी सत्तावीस वर्षांचा, रत्नागिरीकडून आलेला, चार वर्षं मामूंच्या हाताखाली राबलेला. आपल्याला आता शिकण्यासारखं काही उरलं नाही, अशी माझी पक्की समजूत होती. मामूंच्या स्टुलावर बसलो की मला उगाचच घसा खाकरावासा वाटे.

रायफलीच्या नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा म्हणजे बोल्ट; तो मागे ओढला की उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडते. जाताना मामूंनी एकच गोष्ट दहादा बजावली होती. "बोल्ट अडकतो म्हणून कुणी आला तर रायफलीला हात लावू नकोस. आधी त्याच्याकडच्या रिकाम्या पुंगळ्या माग. काय बिघडलंय ते पुंगळीवर दिसतं." ते इतक्यांदा हे सांगत की त्यांची पाठ वळली की मी त्यांची नक्कल करायचो.

पण पुंगळ्या मागणं सोपं नव्हतं. तिकडे नवी काडतुसं कुणी सहसा घेत नसे. उडवलेल्या पितळी पुंगळ्या लोक जपून ठेवत आणि घरीच त्यांत बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, दारू अन् गोळी भरत. प्रत्येक घराचं दारूचं माप ठरलेलं, बहुधा बापाकडून आलेलं. पुंगळ्या दाखवा म्हणणं म्हणजे त्या घराच्या मापावर शंका घेणं. मामू पांढऱ्या दाढीच्या जोरावर बिनदिक्कत मागायचे. माझी मात्र जीभ रेटत नसे.

त्यात जूनमध्ये आले ते चाचा. डोंगराकडच्या एका खजुराच्या बागेचे ते राखणदार होते. लॉरीने अर्धा दिवस लागे तिथून यायला. मी नवा असताना तापाने फणफणलो होतो, तेव्हा त्यांच्या बायकोने माझ्यासाठी तूप आणि खजूर पाठवला होता. त्या बाईला मी कधी पाहिलंही नव्हतं.

"हिवाळ्यात काही तक्रार नव्हती," चाचा म्हणाले. "आता एक गोळी उडवली की बोल्ट उघडतच नाही. तळहाताने ठोकावा लागतो."

हिवाळ्यात तक्रार नव्हती! सगळं उत्तर त्यातच होतं, आणि मी ते कानाआड केलं. काडतुसं कोण भरतं, एवढं मात्र विचारलं.

"माझे हात कापतात, हबीबी. बायको भरते. कॉफीचा एक चमचा, वरून बोट फिरवून सपाट केलेला. एक कण इकडचा तिकडे नाही." हे सांगताना म्हाताऱ्याचा चेहरा अभिमानाने फुलला होता. कमरेच्या पिशवीत पुंगळ्या किणकिणत होत्या. हात पुढे केला असता तरी मिळाल्या असत्या. पण मी रायफल घेतली.

गज घालून नळी साफ केली. वाळू निघाली, थोडा गंज निघाला, आणि रोग सापडला म्हणून मी खूश झालो. काडतूस बसतं ती जागा घासून गुळगुळीत केली, तिथे सढळ हाताने तेल फिरवलं. वर शहाणपणा केला, "काडतुसांनाही थोडं तेल लावत जा." दुकानामागे दोन गोळ्या उडवून पाहिल्या. बोल्ट दोन बोटांनी उघडला.

"खलास! आता त्रास नाही," म्हणत चाचांनी माझी पाठ थोपटली.

मामू परतले त्याच आठवड्यात चाचा पुन्हा आले. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. कोल्ह्यावर गोळी झाडताना बोल्टाकडून आग उलटी तोंडावर आली होती. तो डोळा कायमचा गेला होता, आणि राखणदारी दुसऱ्याकडे गेली होती. त्यांनी पुंगळ्यांची पुरचुंडी स्वतःहून मेजावर सोडली.

मामूंनी एकेक उजेडात धरली. काडतुसं कुठे ठेवता, असं विचारलं. गोठ्याच्या पत्र्यावर, डब्यात, असं उत्तर आलं. मग ते माझ्याशी चाचांना न कळणाऱ्या आपल्या बोलीत बोलले. उन्हात तापलेली दारू जास्त जोराने पेटते. हिवाळ्याला बेताचं असलेलं माप उन्हाळ्यात जास्त होतं. जुन्या पुंगळ्यांच्याही टोप्या चेपून सपाट झाल्या होत्या, बुडाला चकचकीत ओरखडे होते. अडकणारा बोल्ट तेच सांगत होता. कोरडी पुंगळी नळीला धरून राहते आणि थोडा जोर स्वतः सोसते. मी तेल लावल्यावर ती मागे सरकली आणि सगळा जोर बोल्टावर आला. त्यातच वापरून झिजलेली एक पुंगळी बुडाशी फाटली.

"तुझं काम आहे. तूच सांग त्यांना," म्हणून मामू नमाजला गेले.

मी शब्द जुळवत होतो, तोवर चाचाच बोलले. "तिने दोन चमचे घातले असणार. ती अल्लाची शपथ घेऊन सांगते, एकच घातला. तो दिवस आणि आजचा दिवस, मी तिच्या हातचं जेवलो नाही. तू कारागीर आहेस. खरं सांग, तिचाच हात चुकला ना?"

समोर पुंगळ्या पडल्या होत्या. त्या बाईने हिवाळ्यात भरलं तेच माप उन्हाळ्यात भरलं होतं, हे मला लख्ख कळलं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण डोळा कुणामुळे गेला, हेही त्याच वाक्यात सांगावं लागणार होतं.

"असेल, चाचा," मी म्हणालो.

पुढे बरीच वर्षं मी तिकडे होतो. लॉरी रोज डोंगराकडे जायची. मी एकदाही चढलो नाही. भित्रा होतो, दुसरं काय म्हणू?

त्या दिवशी चाचांनी पुंगळ्या गोळा केल्या. एक खाली पडली, ती चाचपडत उचलली. "म्हणजे शपथही खोटीच घेतली तिने," असं म्हणत ते पायरी उतरून गेले.

मामू परत आले. "सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.