सॉली डेन्मार्कला का गेला

सॉली गेल्याचं मला त्याच्या सोसायटीच्या वॉचमनने फोनवर सांगितलं. झोपेतच गेला होता. शिफ्ट ड्युटीने आम्हा दोघांचीही झोप जन्माची घालवली होती, त्यामुळे मनात पहिलं काय आलं असेल तर, चला, याला निदान झोप तरी लागली... इस्राएलला त्याच्या थोरल्या बहिणीला कळवायचं कामही माझ्याच वाट्याला आलं. रूबीताई म्हणाल्या, "दिनू, फ्लोरा गेल्यावर तो माझ्याकडे का नाही रे आला? डेन्मार्कला कोण होतं त्याचं?" दफनाची तयारी व्हायची होती; नंतर बोलू म्हणालो आणि फोन ठेवला.

सॉलोमन म्हणजे आमचा सॉली. तो पनवेलचा बेने इस्राएल, म्हणजे आपला कोकणातला मराठी ज्यू, मी विचुंब्याचा आगरी. उरणच्या प्लँटमध्ये आमची सगळी नोकरी एकत्र गेली. त्याचे नातेवाईक एकेक करून इस्राएलला गेले, हा आणि त्याची बायको फ्लोरा तेवढे मागे राहिले. हा रिटायर झाला आणि थोड्याच दिवसांत फ्लोरा वारली. आता हा बहिणीकडे जाणार हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. तर हा पठ्ठ्या नाक्यावर चहा पिता पिता म्हणतो, डेन्मार्कला शाळेत चाललोय! आमचा हरी लगेच म्हणाला, "का रं सॉली, दहावी राहिली व्हती का तुजी?" सगळे हसले, तोही हसला. तिथे परीक्षा नसते, सर्टिफिकेट नसतं, सगळ्यांनी एकत्र राहायचं आणि आवडेल ते शिकायचं, असं त्याला प्लँटवर कधीकाळी आलेल्या एका डॅनिश इंजिनिअरने सांगितलं होतं. "मग जायचं कशाला?" मी विचारलं. चिडलोच होतो. साठी उलटलेला एकटा माणूस, आणि तिथली ती थंडी!

हिवाळा काढून परत आला तो सुतारकाम शिकून. एक स्टूल बनवलं होतं म्हणे, तेही डुगडुगतं. शाळेत बहुतेक पोरंच होती, बारावीनंतर पुढे काय करायचं ते न कळलेली. एक नर्स होती, ड्युट्या करून करून पार मोडलेली. एक ट्रकवाला होता, पाठ गेल्यामुळे गाडी सुटलेला. "सगळे दमलेलेच रे," सॉली म्हणायचा. "पण सकाळी सगळ्यांनी मिळून गायचं म्हणजे गायचं. दमलास का, असं कुणी विचारत बसत नाही." मला तेव्हा हे काही फारसं पटलं नव्हतं.

परवा रूबीताईंचा पुन्हा फोन आला. प्रश्न तोच. मग मी त्यांना आमच्या घरातलं सांगितलं. परत आल्यापासून तो रात्री जेवायला आमच्याकडेच असायचा, आणि जेवण झालं की सगळ्यांची ताटं उचलून आमच्या हिच्या आधी सिंकपाशी उभा. ही ओरडायची, "भावजी, ठेवा ते! आमी हाव ना!" तर म्हणायचा, "वहिनी, आज माझा नंबर." शाळेत पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीच त्याला जेवणाच्या अख्ख्या हॉलची भांडी घासायला उभं केलं होतं. हे तो बक्षीस मिळाल्यासारखं सांगायचा.

ताई दुखावल्या. "माझ्याकडे आला असता तर मी त्याला पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू दिला नसता."

"म्हणूनच नाही आला, ताई."

हे बोलून गेलो आणि मलाच ते कळलं. फ्लोरा गेल्यापासून जो तो त्याला नुसता बसवून ठेवत होता, मीसुद्धा... तिथे त्याला कुणीतरी ऊठ म्हणालं.

मग ताईंनी विचारलं, "नीट घासायचा का रे?"

"कुठलं! हिला सगळी परत घासावी लागायची."

ताई हसल्या, आणि हसता हसताच त्यांना रडू फुटलं.

आमची ही अजूनही जेवण झालं की लगेच उठत नाही. ताटं पुढ्यात तशीच ठेवून थोडा वेळ थांबते.