माझा अंगठा त्याच्या मुठीत

भरल्या मंडपात त्यानं माझा अंगठा धरला आणि शाईच्या पॅडवर दाबला. विचारलंही नाही. शेजारच्या माणसांना हसत म्हणाला, "ही आमची जुनी बाई. आठ वर्षं पेपराच्या घड्या घातल्या, पण अक्षराशी वैर ते वैरच."

माणसं हसली. मी मान खाली घातली. चारचौघांत मला बोलायला जमत नाही.

पूर्वी तो संपादक होता. लोहाऱ्यात एका खोलीतून साप्ताहिक काढायचा. वर छापायचा, 'गरिबांचा कैवारी'. मी अंकांच्या घड्या घालायची, खळीनं पत्त्यांच्या पट्ट्या चिकटवायची. चौथी शिकलेली. घडी घालता घालता सगळा अंक वाचायची. त्यानं कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

एका बागायतदारानं भिंत घालून आमच्या गल्लीची वाट अडवली. तेव्हा यानंच लिहिलं, 'ही भिंत गरिबांच्या छातीवर उभी आहे.' वाचून मला रडू आलं. तो अंक मी पेटीत जपून ठेवला. त्याच लेखावर हा निवडून आला. आता बागायतदार याच्या गाडीत पुढं बसतो. भिंत आहे तिथंच आहे.

कैवारी म्हणे. थू!

मंडपात साड्या वाटणार म्हणून आम्हा गल्लीतल्या बायकांना बोलावलं होतं. कागद पुढं सरकवून तो म्हणाला, "साडीची पोच हाय. दाब."

कागदावर सात अंगठे उमटलेले. वर लिहिलेलं, 'भिंतीबद्दल आम्हा महिलांची कोणतीही तक्रार नाही.'

मी हात ओढून घेतला.

"दादा, ह्यात साडीचं न्हाय. भिंतीचं लिवलंय."

"कुणी सांगितलं तुला?"

"वाचलं म्या."

शेजारची काकू उठलीच. तिचा अंगठा आधीच लागला होता. "मोठ्यानं वाच गं. आमी कशावर दाबलाय ते कळू दे."

मी वाचलं. अडखळत, पण शेवटपर्यंत. आता कुणी हसलं नाही.

"माझ्याकडं कामाला व्हतीस तू," तो दात खाऊन म्हणाला.

"व्हय. तुमचाच पेपर वाचत व्हते."

हातांनी सवयीनं कागदाची घडी घातली. मी ती कमरेला खोचली आणि निघाले. साडी तिथंच टाकली.

आता दोन्ही कागद पेटीत आहेत. त्याचा लेख आणि त्याचा हा कागद. सोमवारी तहसीलला जाणार. तोंडातून शब्द फुटला नाही, तर दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवीन. तक्रार मीच लिहिली आहे. खाली पूर्ण नावानं सही केली आहे.

भिंत पडेपर्यंत दर सोमवारी जाईन.